कंबर, कढई आणि रात्रीचं जेवण

वजनकाटा तूर्तास बाजूला ठेवा आणि घरातली शिलाईची टेप शोधा. सकाळी, काही खाण्याआधी, कपडा वर करून सरळ उभं राहा. सगळ्यात खालची बरगडी बोटाला लागते ती जागा आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ लागतो ती जागा, या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायची नाही. पँटचा नंबर म्हणजे कमरेचं माप असं धरू नका. पोट सुटलेले बरेच पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि ‘माझी कंबर चौतीसच’ या समजुतीत वर्षानुवर्षं राहतात.

हा आकडा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच, यापुढे गेला असेल तर पोटात नको त्या जागी चरबी साठली आहे असं समजा. आकडे लक्षात राहत नसतील तर एवढं धरा, की कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. त्यानंतर वजन बघायला हरकत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. जगात बऱ्याच ठिकाणी २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या या रेषा २३ आणि २५ च्या आहेत. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५९ किलोला पहिली रेषा येते आणि ६४ किलोला दुसरी. हे वाचून पुष्कळांना धक्का बसेल, कारण पाच फूट तीन इंचांच्या, ६५ किलोंच्या बाईला आपल्याकडे कोणी लठ्ठ म्हणत नाही. तिला ‘भरलेली’ म्हणतात, ‘अंगानं सुधारली’ म्हणतात.

आपल्यासाठी रेषा वेगळ्या का, याचं बरंचसं उत्तर पुण्यात मिळालं आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोंची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटाचा घेरही कमी भरला. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, चेहरा बारीक आणि पोटाचा तेवढा नगारा, ही ठेवण आपण घराघरांत बघतो आणि तिला वयाचा परिणाम म्हणून सोडून देतो. ‘मी कुठे जाड आहे’ या भरवशावर आपल्या समाजात फार मोठं दुखणं झाकलं गेलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यात शंभर प्रौढांमागे जवळजवळ चाळीस जणांच्या पोटावर चरबी आढळली, १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला.

शरीर आधीच सांगत असतं

पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्ध आम्लं थेट यकृताकडे जातात, यकृतात चरबी भरते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन ओतावं लागतं, आणि काही वर्षांनी ते दमतं. साखर वाढलेली रिपोर्टात दिसते तेव्हा या गोष्टीला बराच काळ उलटून गेलेला असतो. त्याआधी शरीर ज्या खुणा दाखवतं, त्यांतल्या दोन आपण हमखास नजरेआड करतो.

पहिली खूण मानेवर दिसते. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या सांध्यांवर कातडी काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते. आया ती मळ समजून मुलांची मान घासणीनं घासतात, मुली बेसन-हळदीचा लेप लावतात, लग्न ठरलं की ब्लीच करतात. घासून ती जात नाही. बहुतेक वेळा ती रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. कंबर उतरली की हळूहळू फिकी होते. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मानेवर ती दिसली तर साबण बदलू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरी खूण सोनोग्राफीच्या कागदावर असते. मूतखड्यासाठी नाहीतर पोटदुखीसाठी तपासणी केलेली असते, आणि खाली एका ओळीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं लिहून येतं. ‘ते तर हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाइल कपाटात जाते. पुष्कळांना असतं हे खरं, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. या टप्प्यावर यकृत पूर्ववत होऊ शकतं. पुढे सूज आणि व्रण वाढत गेले तर दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाला सिरॉसिस होऊ शकतो. ही ओळ रिपोर्टात आली की रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या.

घोरण्याचंही असंच. नवरा रात्रभर घोरतो यावर घरात हसणं होतं. पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, काही सेकंद श्वासच नसतो, मग गुदमरल्यासारखा मोठा झटका येऊन घोरणं पुन्हा सुरू होतं, असं होत असेल तर तो झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. मानेभोवतीच्या आणि घशातल्या चरबीमुळे श्वासाची वाट बंद होते. असा माणूस आठ तास झोपूनही थकलेलाच उठतो, दुपारी डुलक्या देतो, गाडी चालवताना त्याचा डोळा लागतो, रक्तदाब गोळ्यांनी आवरत नाही. हे त्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना दोघांनी जावं.

गुडघ्यांचा हिशेब सरळ आहे. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. जादा वजनाबरोबर मुलींमध्ये पाळी लांबणं, पीसीओडी, मूल राहायला अडचण हेही येतं. पुढे पित्ताचे खडे, हृदयविकार. कर्करोगाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जादा चरबीचा संबंध पुरेसा सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा, हे त्यांतले तीन.

किती उतरवायचं

वीस किलो उतरवायचे आहेत असं मनाशी ठरवून सुरुवात करणारा माणूस सहसा तिसऱ्या आठवड्यात थांबतो. आत्ता असलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के एवढंच ध्येय ठेवा. ८० किलोंच्या माणसाला चार ते साडेपाच किलो. हे किरकोळ वाटेल, पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं ध्येय ठेवलं, आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००२ साली आलेला हा निष्कर्ष आजही टिकून आहे. सहा महिने हाताशी धरा.

आणि घरातल्या लठ्ठ माणसाला टोमणे मारणं आजपासून बंद करा. ‘तोंडावर ताबा नाही’, ‘हवा खाऊन कोणी जाड होत नाही’ ही वाक्यं खोटी आहेत आणि क्रूरही. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचा निरोप देणारी कमी होतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात वजन घटवल्यावर वर्ष उलटलं तरी हा बदल तसाच होता. त्या माणसाला खरोखरच जास्त भूक लागते. इच्छाशक्तीवर ओझं टाकून ही लढाई जिंकता येत नाही. घरात काय आणलं जातं, किती वाजता शिजतं आणि कोण कधी जेवतं, हे बदलावं लागतं, आणि ते एकट्यानं बदलता येत नाही. ज्याचं पोट सुटलं आहे त्याला वेगळं उकडलेलं ताट आणि बाकीच्यांना नेहमीचं, अशी व्यवस्था मला कुठेच फार काळ टिकलेली दिसली नाही.

कढईपासून सुरुवात

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं दिली. त्यात दिवसाला दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून माणशी २७ ग्रॅम सांगितलं आहे. चार माणसांच्या घरात महिन्याचं हे होतं सव्वातीन किलो, म्हणजे फार तर साडेतीन लिटर. तुमच्याकडे महिन्याला किती येतं ते बिलावर बघा. पाच लिटरचा डबा एका महिन्यात संपत असेल आणि तूप-लोणी वेगळं असेल, तर पोट कुठून आलं हे विचारायला दूर जावं लागणार नाही. एका लिटर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात. डबा उघडाल त्या दिवशी त्यावर पेननं तारीख लिहा. पुढच्या डब्याची तारीख आठ दिवसांनी पुढे गेली पाहिजे, एवढंच पहिल्या महिन्याचं काम.

तेल कमी करायचं म्हणजे फोडणी सोडायची असं नाही. पळीनं ओतलं की हात सुटतो, म्हणून डब्यात पळीऐवजी चहाचा चमचा ठेवा. भाजी तळाला लागते म्हणून वरून तेल सोडण्यापेक्षा पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, झाकणावरही पाणी ठेवा. आपल्या आज्या दोडका, पडवळ असंच शिजवत. वांग्याच्या, बटाट्याच्या रश्श्यावर तर्री दिसली पाहिजे हा हट्ट मात्र सोडावा लागेल. तळण रविवारी एकदाच, आणि उरलेलं तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

साखरेचं गणित चहात आहे. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत साखर ठेवावी असं सांगितलं जातं, म्हणजे पाच-सहा सपाट चमचे. दोन चमचे साखरेचे तीन कप झाले की कोटा संपला, अजून बिस्किट, सॉस, श्रीखंड बाकी आहे. गुळाचा चहा घेणाऱ्यांनी समाधान मानू नये. गूळ, मध, खजुराचं सिरप हे शरीराच्या हिशेबात साखरच. कपाला पाव चमचा दर आठवड्याला कमी करत गेलात तर जीभ तक्रार करत नाही. थंड पेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे तीस ग्रॅम साखर असते, त्यामुळे ती घरात आणूच नका. उन्हातून आलेल्याला ताक द्या, कोकम द्या बिनसाखरेचं.

आता ताट. आपल्या ताटाची मांडणी मुळात चांगली आहे, प्रमाण तेवढं बिघडलं आहे. डावीकडे कोशिंबीर चमचाभर, उजवीकडे भाजी दोन चमचे, पाण्यासारखी आमटी, आणि मध्ये तीन पोळ्या नि भाताचा डोंगर. हे उलटं करा. कोशिंबीर आणि भाजी मिळून अर्धं ताट, उरलेल्या अर्ध्यात एकीकडे डाळ-उसळ-दही नाहीतर अंडं-मासे, दुसरीकडे पोळी, भाकरी किंवा भात. पोषण संस्थेच्या हिशेबात दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या येतात. चौघांच्या घरात हे दिवसाला दीड किलोच्या वर जातं, आणि आपण पावशेर भेंडी चौघांत वाटतो. मंडईत महिन्याचा खर्च वाढेल हे खरं. तो तेलाच्या डब्यातून आणि फरसाणाच्या पाकिटातून काढा. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, मुळ्याचा पाला, शेवग्याची पानं या त्या-त्या हंगामात महाग नसतात.

प्रथिनांची उणीव आपल्याकडे मोठी आहे, विशेषतः शाकाहारी घरांत. ६० किलोंच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. घट्ट वरण किंवा मोडाच्या मटकीची वाटी सहा-सात ग्रॅम देते, पातळ आमटी त्याच्या निम्मी. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी बटाट्याची भाजी आणि पोळी, रात्री खिचडी असा दिवस गेला तर एवढी प्रथिनं पदरात पडत नाहीत, आणि म्हणूनच चार वाजता काहीतरी कुरकुरीत खावंसं वाटतं. पोह्यांत वाटीभर मटार आणि मोड आलेले मूग घाला, उपम्यापेक्षा धिरडी करा, कुळथाचं पिठलं आठवड्यातून दोनदा होऊ द्या, रोज वाटीभर दही असू द्या.

भाकरीबद्दल थोडं. ज्वारीची भाकरी खाल्ल्यानं वजन उतरतं अशी समजूत पसरली आहे. वजनाला वजन धरलं तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळजवळ सारख्या. भाकरीला तेल लागत नाही आणि ती सावकाश चावून खावी लागते, हा तिचा फायदा. तीन भाकऱ्या लोण्याबरोबर खाल्ल्या तर तो फायदा उरत नाही.

उपासाचाही विचार करावाच लागेल. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावापुरतीही नाहीत. त्यात बटाटा, दाण्याचं कूट, तूप, वर दाण्याचे लाडू आणि बटाट्याचा चिवडा. उपास श्रद्धेनं करत असाल तर तो जरूर करा: वाटीभर वऱ्याचे तांदूळ, पातळ दाण्याची आमटी, दही, काकडी, एक फळ. राजगिऱ्याची भाकरी त्याहून चांगली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवरात्राचे नऊ दिवस धरू नयेत.

घरातल्या बाईचं ताट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातल्या चोवीस टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. यामागचं एक कारण मला ओट्याशी दिसतं. रात्रीचे पावणेदहा वाजलेले असतात. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर ती बसते. कढईत दोन चमचे भाजी उरलेली, मुलानं अर्धी टाकलेली पोळी, सकाळचा वाटीभर भात फ्रिजमध्ये. अन्न टाकायचं नाही हा संस्कार पक्का, म्हणून भात फोडणीला पडतो, ती अर्धी पोळी दुमडून तोंडात जाते, साईचं भांडं निपटलं जातं. ही तिची भूक नसते. भाजी मात्र तिच्या वाट्याला पुरेशी उरलेली नसते, त्यामुळे ती लोणच्याबरोबर तिसरी पोळी खाते. मग ओटा आवरते आणि झोपते.

अन्नाची नासाडी टाळायचीच आहे, पण ती मोजून शिजवण्यानं टळते. पंधरा दिवस रोज किती उरतं ते बघा आणि कणीक तेवढी कमी भिजवा. मुलाला पहिल्यांदा अर्धीच पोळी वाढा, लागली तर तो मागेल. उरलेलं झाकून ठेवण्याची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जावं, तिच्या वाट्याची भाजी-कोशिंबीर पहिल्यांदाच वेगळी निघावी, जेवण साडेसात-आठला व्हावं. गरम पोळीचा आग्रह घरातल्या पुरुषांनी सोडला तर हे उद्यापासून जमण्यासारखं आहे. सासूबाई ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणतील. त्यांच्या वेळी दळण-कांडण होतं, विहिरीचं पाणी होतं. आताच्या घरात मिक्सर, नळ आणि लिफ्ट आहे.

दिवसातून किती वेळा खायचं यावरून ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद गेली काही वर्षं आपल्या घराघरांत रंगला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली पद्धत सांगते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, अंतरा-अंतरानं, आपल्या मातीतलं खा म्हणतात. ज्यांना दोन्हींपैकी एकानं गुण आला, त्यांच्याकडे नीट बघितलं तर एक गोष्ट सारखी सापडते: येताजाता तोंडात टाकणं थांबलं होतं. तुम्हाला जे वर्षभर निभावेल ते धरा. दोन जेवणं म्हणजे दोन वेळा पोट फुटेस्तोवर खाणं नव्हे. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि वाढत्या मुलांनी जेवणं आपल्या मनानं कमी करू नयेत. काही गोळ्यांवर असताना साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

बाहेर, आणि मुलांच्या डब्यात

पाहुणचाराचा आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे आणि तो मोडणं जड जातं. ‘नको’ म्हटलं की वाढणारी दुप्पट वाढते. त्यापेक्षा पानात आधी थोडं ठेवा, सावकाश खा, पान रिकामं होऊ देऊ नका. मधुमेह असेल तर लपवू नका, यजमानाला आदल्या दिवशीच फोनवर सांगा. यजमान असाल तर दोन गोड पदार्थांऐवजी एक करा आणि ‘एवढ्यानं काय होतंय’ हे वाक्य बोलू नका.

वडापाव महिन्यातून एकदा आवडीनं खाल्ला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते रोज संध्याकाळी स्टेशनवर, भूक कडकडून लागलेली असताना, हाताशी दुसरं काही नसल्यामुळे खाल्ल्यानं. बॅगेत फुटाणे, एक फळ, एखादं उकडलेलं अंडं असू द्या. पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची यादी वाचा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत मैदा, साखर, पाम तेल असेल तर पुढे ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ काहीही छापलेलं असो, ते बिस्किटच. कॅलरीचा आकडा शंभर ग्रॅमला आहे की दोन बिस्किटांना, तेही तपासा.

मुलांचं वजन मोठ्यांच्या कोष्टकावर मोजू नका, त्यांचे वयानुसार वेगळे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. मुलाला ‘डाएट’ हा शब्दही ऐकवू नका. वयात येणाऱ्या काही मुली त्यातून खाणंच सोडतात आणि ते दुखणं लठ्ठपणापेक्षा अवघड होतं. मुलासाठी घरातल्या सवयी बदला: चॉकलेटी पावडर घातलेल्या दुधाऐवजी साधं दूध, जेवताना फोन बंद, डब्यात नूडल्सऐवजी भाजी घातलेलं थालीपीठ, वाढदिवसाला वाटायला चॉकलेटऐवजी पेन्सिली. संध्याकाळचा एक तास त्याला खाली खेळायला सोडा, मग क्लासची वेळ काहीही असो.

चालण्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीनं. जेवणानंतरची शतपावली खरीच उपयोगी, दहा मिनिटं चाललं तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. पण आपल्या बारीक स्नायूंच्या शरीरांना नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा हात-पायांना भार द्या: खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या. गुडघे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करा.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल, कारण रोज कोणीतरी विचारतं. टर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही औषधं २०२५ साली भारतात आली. ती परिणामकारक आहेत. ज्यांचं वजन फार आहे, सोबत मधुमेह, झोपेतला श्वासाचा आजार किंवा यकृताचा त्रास आहे, त्यांनी ती घेण्यात कमीपणा काही नाही. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचंही तसंच. पण लग्नाआधी आठ किलो उतरवायला, जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून ती घेऊ नका. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे, तेव्हा किती काळ घ्यायचं आणि महिन्याला किती खर्च येईल हे पहिल्या भेटीतच विचारा. औषध चालू असताना भूक मरते आणि माणूस दोन घासांवर दिवस काढतो. त्या दोन घासांत आधी डाळ, अंडं, पनीर किंवा मासे असू द्या आणि भार देण्याचा व्यायाम चुकवू नका, कारण वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही उतरतात.